एम.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश: गुण पुरतात, मग अडतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. नर्सिंग ५८ टक्क्यांनी पास, वय २४, नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आठ महिन्यांपासून स्टाफ नर्स. एम.एस्सी. करायचं आहे. पात्रता काय, शाखा कोणती घ्यावी? अनुभवाला चार महिने कमी पडतात, तर एक एजंट ‘पूर्ण वर्षाचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणतोय, ते घ्यावं का? आणि रूमपार्टनर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका घेतलेली आहे, तिला एम.एस्सी.पर्यंत जाता येतं का?

एजंटचं आधी उरकते: त्याला नाही म्हणा. का, ते पुढे येईलच. बाकीचं उत्तर मोठं आहे. एम.एस्सी.चा प्रवेश गुणांवर अडतो असं मुलींना वाटतं. माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा कागदांवर अडतो, आणि प्रवेश मिळाल्यावर गाडी अडते ती न विचार करता घेतलेल्या शाखेवर.

पात्रतेचे नियम भारतीय परिचर्या परिषदेचे, म्हणजे आपल्या भाषेत आयएनसीचे आहेत. बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग (जीएनएमनंतरची पदवी), तेही मान्यताप्राप्त संस्थेतून, एकूण किमान ५५ टक्क्यांनी. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्के सूट. कुठल्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे आरएन-आरएम, म्हणजे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी. थेट बी.एस्सी. केलेल्यांना पदवीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव; पोस्ट बेसिकवाल्यांचं शेवटी सांगते. आणि वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असल्याचा दाखला. बारावीला किती पडले होते, ‘नीट’ परीक्षा दिली होती का, हे इथे कुणी विचारत नाही.

तुमचे ५८ टक्के पुरतात. फक्त ते सगळ्या वर्षांची बेरीज करून आले आहेत ना, हे गुणपत्रिका समोर ठेवून बघा. शेवटच्या वर्षाचे ५८ आणि एकूण ५३, असं असतं कधी कधी, आणि ते अर्ज भरताना कळतं. तुमच्यामागून सेमिस्टर पद्धतीने पास होणाऱ्या मुलींच्या हातात ग्रेड आणि सीजीपीए असेल; त्यांनी टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र वेळेत काढून ठेवावं. प्रवेशाच्या हंगामात सगळेच तिथे धावतात.

आता अनुभव. बी.एस्सी.मधली इंटर्नशिप यात धरत नाहीत, कारण ती पदवीचाच भाग आहे. शिवाय नोंदणी होण्याआधी स्टाफ नर्स म्हणून काम करणंच नियमात बसत नाही, तेव्हा तुमचं वर्ष नोंदणीच्या तारखेपासून मोजलं जाईल असंच धरून चाला. पुष्कळ मुली निकाल लागल्या लागल्या नोकरीला लागतात आणि कौन्सिलची नोंदणी ‘करू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवून देतात. जॉइनिंग जुलैचं, नोंदणी नोव्हेंबरची. मग मधले महिने कशात धरायचे यावर पडताळणीच्या टेबलाशी वाद. तुमचे आठ महिने नक्की कोणत्या तारखेपासूनचे आहेत, ते आज रात्री ड्यूटीवरून आल्यावर बघा. वर्ष कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवं, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. चार महिने थांबून जमत असेल तर थांबा. नसेल जमत तर एक वर्ष आणखी आयसीयूत काढा. तुमचं वय २४ आहे, काही बिघडत नाही.

खोटा दाखला का घेऊ नये, याचं कायद्याचं कारण तुम्हाला माहीत आहे: पकडलं गेलं तर प्रवेश रद्द होतो, आणि पुढे नोंदणीपर्यंत लचांड जातं. मला त्याहून दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं. मेडिकल-सर्जिकल शाखेला आलेल्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, ‘सीव्हीपी मोजताना ट्रान्सड्यूसर कुठे धरता?’ सीव्हीपी म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, आणि ट्रान्सड्यूसर तो मोजणारं उपकरण. जिने खरंच आयसीयूत रात्री काढल्यात, ती उत्तर तोंडाने देतच नाही. तिचा हात आपोआप स्वतःच्या कुशीकडे जातो, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधे, बगलेच्या मधल्या रेषेवर. मग म्हणते, ‘इथे, मॅडम. आणि पेशंटचं डोकं वर केलं की पुन्हा झीरो करावं लागते जी.’ जिच्याकडे नुसता दाखला असतो, ती त्याच जागेचं पुस्तकी नाव ‘फ्लेबोस्टॅटिक अ‍ॅक्सिस’ म्हणते, स्पेलिंगसकट. पुस्तकातलं उत्तर बरोबरच आहे. पण पुढच्या दोन वर्षांत तिला बी.एस्सी.च्या मुलींना वॉर्डात उभं राहून शिकवायचं असतं, आणि त्या मुली तिसऱ्या दिवशी ओळखतात की मॅडमने कधी सीव्हीपी मोजलेला नाही.

दाखला घेताना तो नीट घ्या. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह. त्यात हुद्दा ‘स्टाफ नर्स’ असा स्पष्ट, विभाग कोणता, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक आणि किती खाटांचं आहे ते. सही अधीक्षकांची किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंटची, शिक्क्यासह. ‘या आमच्याकडे काम करत होत्या, वर्तणूक चांगली’ एवढ्या दोन ओळींवर भागत नाही. सोबत नेमणूकपत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. पगार रोखीत देणाऱ्या ठिकाणी काम करत असाल तर निदान हजेरीची किंवा ड्यूटी रोस्टरची प्रत मागून ठेवा.

आणि एक, जे माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नसतं. काही खासगी हॉस्पिटलं नोकरीला लागताना मूळ गुणपत्रिका आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट स्वतःकडे ठेवून घेतात, बॉन्डच्या नावाखाली. कागदपत्र पडताळणीला मूळ प्रती लागतात आणि तारखा दोन-चार दिवसांच्या असतात. त्या वेळी एचआरवाला सुटीवर असतो, असा माझा अनुभव आहे. तुमची मूळ कागदपत्रं कुठे आहेत? हॉस्पिटलात असतील तर नोटीस पीरियड, रिलिव्हिंग लेटर आणि कागदपत्रं या तिन्हीचं बोलणं आत्ताच करून ठेवा, प्रवेशाची यादी लागल्यावर नको.

नोंदणीबद्दल आणखी थोडं. आपली नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. बी.एस्सी. दुसऱ्या राज्यातून केली असेल तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी, मग पडताळणी आणि ना हरकत होऊन इथली. याला महिने जातात. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करा. नावातला फरक हा दुसरा खड्डा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे, आधारवर नाही. लग्न झालं, आडनाव बदललं, रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाचं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते. राखीव जागेवर अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे त्या वर्षासाठी वैध नॉन-क्रीमीलेअर. वैधता बी.एस्सी.च्या प्रवेशाला काढली असेल तर प्रश्न मिटला. तेव्हा खुल्या जागेवर प्रवेश घेतल्यामुळे ती काढलीच नसेल, तर आजच पडताळणी समितीकडे अर्ज टाका. सेतू केंद्रात उन्हाळ्यात काय गर्दी असते ते नागपूरकरांना सांगायला नको.

प्रवेशपरीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो, एम.एस्सी. आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन्हींसाठी, आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश फेऱ्या होतात. महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. फेऱ्यांमधे पर्याय भरताना एक लक्षात ठेवा: एम.एस्सी.च्या जागा महाविद्यालयाला एकगठ्ठा नसतात, शाखेनिहाय असतात, आणि एकेका शाखेत बोटावर मोजण्याइतक्या. म्हणजे ‘मला अमुक कॉलेज मिळालं’ या वाक्याला अर्थ नाही. अमुक कॉलेजात अमुक शाखा मिळाली, असं असतं. सीईटीचा अभ्यास काय करावा, यावर फार लिहीत नाही. बी.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे, तो केलेला आहे. मूलभूत नर्सिंग, मेडिकल-सर्जिकल, माता-बाल आणि सामुदायिक हे चार विषय पक्के करा आणि रोज थोडे प्रश्न सोडवा. क्लासला हजारो रुपये घालायची गरज मला तरी दिसत नाही.

एम्सची प्रवेशपरीक्षा वेगळी, दिल्लीहून होते, आणि तिथे ६० टक्क्यांची अट आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५. तुम्ही खुल्या किंवा ओबीसी प्रवर्गातल्या असाल तर ५८ वर तो दरवाजा बंद, त्यात वेळ घालवू नका. मिहानमधलं एम्स जवळ आहे म्हणून नियम सैल होत नाही. वर्ध्याजवळ सावंगीला दत्ता मेघे अभिमत विद्यापीठ आहे. अभिमत विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया स्वतःची आणि फीही वेगळी, पण आयएनसीच्या किमान अटी तिथेही त्याच. सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग महाविद्यालय, हिंगण्याकडे डिगडोहला लता मंगेशकर हॉस्पिटलच्या आवारातलं, मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं शासकीय, असं आपल्या टापूत फिरण्यासारखं पुष्कळ आहे. त्या त्या वर्षी कोणत्या शाखेला किती जागा मंजूर आहेत, ते सीईटी कक्षाच्या यादीतच बघा, कॉलेजच्या पत्रकात नको.

फीबद्दल: खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. त्यापलीकडे ‘डेव्हलपमेंट’, ‘क्लिनिकल चार्जेस’ अशा नावांनी मागितलं तर पावती मागा. कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, हे वाक्य काउंटरवर शांतपणे म्हटलं तरी कधी कधी आकडा खाली येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. तिथे पहिला प्रश्न प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला का, हाच येतो, म्हणून व्यवस्थापन कोट्याची जागा पटकन मिळते म्हणून उडी मारण्याआधी हा हिशेब करा.

इथवरचा भाग महिनाभरात उरकतो. शाखेचा निर्णय मात्र जन्मभर सोबत राहतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

मुख्य शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, संशोधन व संख्याशास्त्र आणि शाखेचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, शाखेचा दुसरा भाग आणि प्रबंध. आयएनसीच्या अभ्यासक्रमात शाखेचं क्लिनिकल काम पहिल्या वर्षी ६५० तास आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास धरलेलं आहे. सोळाशे तास! ज्या वॉर्डात उभं राहायला जीव कंटाळतो तिथे सोळाशे तास निघत नाहीत, आणि निघाले तरी ते चेहऱ्यावर दिसतं.

तुम्ही आयसीयूत आहात म्हणून सगळे म्हणतील मेडिकल-सर्जिकल घे. त्यात क्रिटिकल केअर, हृदय, न्यूरो, कर्करोग अशा उपशाखा असतात, आणि नागपुरात सुपर स्पेशालिटीपासून तुकडोजी महाराज कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत शिकायला भरपूर आहे. चांगली शाखा आहे. पण सगळ्यात जास्त गर्दीही तिथेच, आणि नंतर नोकरीच्या मुलाखतीला एका जागेसाठी रांगही तिचीच. मानसिक आरोग्याला मुली नाकं मुरडतात. घरचे म्हणतात, ‘वेड्यांच्या दवाखान्यात काहून जातं बापा?’ माझं मत उलट आहे. नर्सिंग महाविद्यालयांना सगळ्या शाखांचे शिक्षक लागतातच, आणि मानसिक आरोग्याचे मिळत नाहीत. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथेच आहे. बाहेरगावच्या मुली पोस्टिंगसाठी येतात तिथे. मात्र तासभर एका रुग्णासमोर बसून त्याचं बोलणं न तोडता ऐकायची तयारी हवी. आयसीयूत हात चालतात, इथे हात मांडीवर ठेवून बसावं लागतं, आणि काही हुशार मुलींना तेच जमत नाही.

प्रसूती शाखेसाठी डागा या नागपूरच्या सरकारी स्त्री रुग्णालयासारखं दुसरं शिक्षण नाही. तिथे लेबर रूममधे एका रात्री जे दिसतं ते छोट्या खासगी हॉस्पिटलात महिन्यात दिसत नाही. ज्यांना शिकवण्यापेक्षा बाळंतपणंच करायची आहेत त्यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ या १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची माहिती काढावी. केंद्राच्या २०१८ च्या मिडवाइफरी धोरणातून ते आलं आहे. बालआरोग्य आणि सामुदायिक या दोन शाखांना विदर्भात जेवढा विषय पडलेला आहे तेवढा पुण्या-मुंबईत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, पण गडचिरोली-चंद्रपूरकडून दुखण्याचा झटका येऊन मेडिकलला दाखल झालेल्या पोराच्या वेदनेची नोंद वॉर्डात कशी होते, किती तासांनी पुन्हा विचारलं जातं, हे बघणारा प्रबंध कुणी करायला घेत नाही. उष्माघाताचंही तसंच. एप्रिल-मेमधे इथल्या बांधकामांवर काय चालतं ते बघायला कुठे लांब जायचं आहे? त्याऐवजी दरवर्षी ‘अमुक विषयावरील नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’ या नावाचे प्रबंध ढिगाने येतात. चाळीस जणींना आधी प्रश्नावली, मग चार्ट दाखवून तासभर शिकवणं, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात. न वाढले तर नवल. मार्गदर्शक हाच विषय पुढे सरकवत असतील तर नम्रपणे दुसरा नेऊन दाखवा, पण पहिल्याच सत्रात; सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, पायलट यांत दिवस कसे जातात कळत नाही.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाही तो: तुम्हाला एम.एस्सी. कशासाठी हवी आहे? शिकवायचं असेल तर तिला पर्याय नाही. सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक, प्राचार्य, ही सगळी शिडी एम.एस्सी.च्या पायावर उभी आहे. खासगी महाविद्यालयांत पगार कागदावर एक आणि हातात एक, असंही काही ठिकाणी चालतं. नोकरी धरण्याआधी तिथे काम करणाऱ्या एखाद्या ट्यूटरशी चहा घ्या.

पण सरकारी बेडसाइड नोकरी हे खरं ध्येय असेल, तर एम.एस्सी.ची गरज नाही. नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची एम्सची नॉरसेट परीक्षा बी.एस्सी.वर देता येते, त्याला अनुभवाचीही अट नाही. नर्सिंग ऑफिसरचं पद सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर, मूळ वेतन ४४,९०० पासून. मात्र वयाची मर्यादा ३० आहे, प्रवर्गानुसार सवलत सोडून. एम.एस्सी. पूर्णवेळ आहे, नोकरी करत होत नाही, आणि दोन वर्षं खाते. तुम्ही २४ च्या आहात, दोन्ही बसतं. तुमच्या जागी २८ ची असती तर मी आधी नॉरसेट म्हटलं असतं.

तिसरी एक वाट आयसीयूतल्या मुलींना मी मुद्दाम सांगते, कारण ती फार जणींना माहीतच नसते: ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’. दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. पात्रता जवळपास तीच, ५५ टक्के आणि एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. फरक असा की यात साधारण ऐंशी टक्के काम रुग्णाजवळचं आणि वीस टक्के थिअरी. ज्यांना वर्ग घेण्यापेक्षा व्हेंटिलेटरशी जमतं त्यांच्यासाठी हाच खरा अभ्यासक्रम. देशात अजून मोजक्या संस्थांत आहे, आणि ही पदवी घेतलेल्यांना हॉस्पिटलांनी नक्की कोणतं पद द्यायचं, याचा घोळ अजून मिटलेला नाही. तो धोका पत्करायचा की नाही, हे तुमच्यावर.

सीमेपलीकडच्या कॉलेजांबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमचा एजंट सर्टिफिकेटवर थांबणार नाही. पुढच्या भेटीत तो ‘नॉन-अटेंडिंग’ काढेल. म्हणजे नाव तिकडे, नोकरी इकडे, परीक्षेपुरतं जायचं. सावनेर ओलांडलं की मध्य प्रदेश, त्यामुळे नागपुरात याची जाहिरात भिंतीभिंतीवर दिसते. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला महाविद्यालयांची तपासणी करावी लागली, हे सगळ्या पेपरांत येऊन गेलं आहे. त्यात अडकलेल्या मुलींच्या परीक्षा रखडल्या. तिकडेही चांगली महाविद्यालयं आहेत. पण ओळखायचं कसं? विद्यापीठाची संलग्नता, त्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता आणि आयएनसीच्या यादीत त्या वर्षासाठी, त्या शाखेसाठी नाव, हे तिन्ही बघा. मग एकदा सकाळी न सांगता कॉलेजच्या हॉस्पिटलात जा आणि ओपीडीत बसा. खाटा किती, हे बोर्डावर असतं. चादरी किती खाटांवर चुरगळलेल्या आहेत, ते बघावं लागतं. एम.एस्सी. नर्सिंग पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने होत नाही. कुणी होते म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा.

परदेशाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. अमेरिकेत किंवा ब्रिटनमधे स्टाफ नर्स म्हणून जायला इथली एम.एस्सी. लागत नाही, अमेरिकेसाठी परवान्याची एनसीएलईएक्स परीक्षा, ब्रिटनसाठी तिथल्या परिषदेची सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा), शिवाय इंग्रजीची परीक्षा. अमेरिकेत एम.एस.एन., म्हणजे तिथली नर्सिंगची पदव्युत्तर पदवी करून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल तर बहुतेक विद्यापीठं आधी तिथला आरएन परवाना मागतात. म्हणजे रस्ता पुन्हा एनसीएलईएक्सवरूनच जातो. दोन्ही डोक्यात असेल तर आधी कोणतं, हे ठरवूनच इथल्या एम.एस्सी.ची फी भरा.

राहिली तुमची रूमपार्टनर. तिला वाट आहे, आणि ती वाटते तितकी लांबही नाही. बारावी आणि जीएनएम झालेली, आरएन-आरएम नोंदणी असलेली परिचारिका दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक (पी.बी.) बी.एस्सी.ला पात्र असते, सीईटी देऊन. पुढे एम.एस्सी.साठी तिलाही एक वर्षाचा अनुभव लागतो, पण तिच्यासाठी नियम सोपा आहे: तो अनुभव पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो. जीएनएमनंतर वर्षभर वॉर्डात काम केलेलं असेल आणि त्याचा नीट दाखला असेल, तर पी.बी. झाल्यावर ती थेट एम.एस्सी.ची सीईटी देऊ शकते. मधे पुन्हा वर्ष थांबायची गरज नाही. कितीतरी जीएनएम सिस्टर हे माहीत नसल्यामुळे एक वर्ष उगाच घालवतात. तेव्हा आत्ताची नोकरी सोडताना तिने दाखला लगेच हातात घ्यावा. चार वर्षांनी परत गेल्यावर ते हॉस्पिटल त्याच मालकाचं असेल याची खात्री नसते, आणि जुनी सुपरिंटेंडंट तर नसतेच. एक मात्र: ५५ टक्क्यांची अट तिच्या बाबतीत जीएनएमच्या नव्हे, पी.बी.च्या गुणांना लागेल. जीएनएमला काठावर पास झाली असेल तरी त्याचं ओझं पुढे येत नाही, आणि पी.बी.ला दोनच वर्षं असल्याने पहिल्या वर्षी पन्नासवर घसरली तर ती कसर दुसऱ्या वर्षीच भरून काढावी लागेल.